काँटेसा ३२ : पन्नास वर्षं जुनी रेसर-क्रूझर, आज घ्यावी का?

हॅम्बलकाठचा

नमस्कार मंडळी. साउदॅम्प्टनला येऊन चौदा वर्षं झाली, त्यातली नऊ दुसऱ्यांच्या बोटींवर दोऱ्या ओढण्यात गेली, आणि आता दोन मित्रांबरोबर तिसरा हिस्सा टाकून स्वतःची शिडाची बोट घ्यायचं चाललंय. बोट आहे काँटेसा ३२, रेसर-क्रूझर म्हणजे शर्यतीलाही आणि सफरीलाही चालणारी, १९७४ सालची. म्हणजे माझ्यापेक्षा वयाने मोठी. घरी सांगितल्यावर बायकोचा पहिला प्रश्न होता की एवढ्या पैशात नवीन काही येत नाही का. येतं ना, पण काय येतं हाच तर प्रश्न आहे. म्हणून म्हटलं इथे लिहावं, ह्या विषयातली जाणती माणसं इथे आहेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. ही बोट डेव्हिड सॅडलरने डिझाईन केली आणि जेरेमी रॉजर्सने बांधली, इथून गाडीने अर्ध्या तासावर असलेल्या लिमिंग्टनला. त्याआधी ह्या दोघांची काँटेसा २६ होती, फोकबोटीच्या (स्कँडिनेव्हियातली एक लहान शिडाची बोट) वळणाची, खूप चालली. सॅडलर स्वतः २६ वर रेस करायचा, त्याला त्याच स्वभावाची पण मोठी बोट हवी होती. पहिली ३२ पाण्यात उतरली १९७१ मध्ये, १९७२ च्या लंडन बोट शोमध्ये ती बोट ऑफ द शो ठरली आणि मग सातशेच्या वर बोटी झाल्या, काही कॅनडातही बांधल्या गेल्या. सोलंटमध्ये (इथली सामुद्रधुनी) आजही त्यांची वेगळी रेस असते, काउझ वीकला (इथला शर्यतींचा आठवडा) तर सगळ्या एकसारख्या काँटेसा एका रेषेत सुटतात तेव्हा किनाऱ्यावरची माणसं बोलायची थांबतात.

आता आकडे. लांबी ३२ फूट, पण पाण्याला टेकलेली लांबी फक्त २४ फूट, पुढे-मागे लांब उतरती टोकं. रुंदी साडेनऊ फूट. पाण्याखाली साडेपाच फूट. वजन साधारण ४३०० किलो आणि त्यातलं २०४० किलो नुसतं बॅलास्ट (तोल राखणारं वजन), म्हणजे जवळजवळ निम्मी बोट तळाला आहे! खाली फिन कील (तळातून खाली उतरणारा पंख), मागे सुकाणू मोकळं लटकत नाही, त्याच्या पुढे स्केगचा (तळाला जोडलेल्या लहान उभ्या पंखाचा) आधार आहे. चाक नाही, टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा.

मागच्या शनिवारी ट्रायलला गेलो होतो. सोलंटच्या पश्चिम तोंडाच्या नीडल्स चॅनेलमधून ओहोटी जोरात बाहेर धावत होती आणि वारा समोरून, नैऋत्येचा, पंचवीस-अठ्ठावीस नॉट (ताशी समुद्री मैल). ज्यांनी ती जागा पाहिलीय त्यांना माहीत आहे की वारा आणि प्रवाह एकमेकांवर आले की तिथे लाटा कशा उभ्या राहतात, भिंतीसारख्या, दोन लाटांमध्ये बोटीला श्वास घ्यायला जागा नाही. मी ह्याच जागी एका चार्टरच्या (भाड्याच्या) चौतीस फुटी नव्या बोटीवर होतो तेव्हा प्रत्येक तिसऱ्या लाटेवर बोट वर उचलून धाडकन आपटायची, आतली कपाटं उघडायची, दातांत आवाज यायचा. ही आपटलीच नाही. कापत गेली. पाणी मात्र तोंडावर सतत, बादल्या भरभरून, गुडघ्यापर्यंत ओला झालो म्हणता म्हणता मानेपर्यंत ओला झालो, पण टिलर दोन बोटांत धरून बसलो होतो. तिथेच माझा निर्णय अर्धा झाला खरं सांगायचं तर.

पण मन म्हणतंय म्हणून घेऊ नये. ओली आहे, आत अंधारी आहे, सामान ठेवायला जागा नाही, आमच्या तिघांच्या कुटुंबांना एकदम झोपायला मिळणार नाही. तुमचं मत सांगा.

कुलाबा_बोटवाला

अभिनंदन आणि थोडं थांबा सुद्धा. 🙂

मी मुंबईला सेलिंग करतो, ऑक्टोबर ते मे, मांडव्याला जाऊन येऊन, आणि वर्षातून एकदा ग्रीसला चार्टर. माझं स्पष्ट मत आहे की जुन्या बोटींबद्दल लोक फार भावुक होतात. १९७१ ला कॉम्प्युटर नव्हता, माणसाने कागदावर रेषा काढल्या आणि त्या त्यावेळच्या आयओआर नियमाच्या (बोटी मापून शर्यतीत हँडिकॅप देणारा नियम) सावलीत काढल्या. मागचा भाग चिमटल्यासारखा निमुळता का आहे विचारा त्यांना, समुद्राने सांगितलं म्हणून नव्हे, त्या काळच्या रेसिंग बोटी तशाच असायच्या म्हणून. मग वारा मागून आला आणि स्पिनेकर (पुढचं मोठं फुगीर शीड) लावला की ह्या बोटी डावी-उजवी डुलायला लागतात, आणि ते डुलणं वाढतच जातं. आजची बत्तीस फुटी बोट मागे रुंद असते, पाण्याला टेकलेली लांबी एकोणतीस-तीस फूट असते, दोन सुकाणू असतात, आत दोन खोल्या, उभं राहून स्वयंपाक. वेगाचा हिशोब तर साधा आहे, पाण्याला टेकलेल्या लांबीचं वर्गमूळ. चोवीस फुटांवर साडेसहा नॉटच्या वर ही जाणार नाही कितीही ओढा.

कुटुंबाला घेऊन जायचंय ना? मग कुटुंबाला विचारून घ्या.

मालवणचो_नाखवा

छान धागा. मला एक समजावून सांगा कोणीतरी. आमच्या आजोबांची शिडाची होडी होती, तिला बाजूला उलांडी (तोलासाठी बांधलेला तरंगता ओंडका), त्यामुळे उलटायची भीती नाही, पण समोरून वारा असला की किनाऱ्याशी लांब लांब आडवे फेरे मारत जायला लागायचं. आमच्याकडे होडीच्या तळाच्या मुख्य लाकडाला पठाण म्हणतात, तो सगळ्या लांबीभर असतो. तुमची ही फिन कील म्हणजे त्या पठाणाचा मधलाच तुकडा खाली वाढवलाय असं समजायचं का? आणि एवढं दोन टन वजन खाली लटकलंय ते कधी तुटून नाही का पडत?

हॅम्बलकाठचा

नाखवा, बरोबर समजलात, पठाणाचा मधला भाग खाली पंखासारखा ओढलाय असं धरा. त्याचा उपयोग दोन, एक म्हणजे बोट आडवी घसरत नाही त्यामुळे वाऱ्याच्या तोंडावर चढता येतं, आणि दुसरा वजन खोल नेता येतं. तुटायच्या प्रश्नावर सांगतो, पुष्कळ आधुनिक बोटींत कील वेगळी ओतून बोल्टने जोडतात, हिच्यात वजन फायबरच्या साच्यातच आत बंद केलेलं आहे, त्यामुळे गंजायला बोल्टच नाहीत. माझ्या रात्रीच्या झोपेसाठी हा फार मोठा मुद्दा आहे.

गणित_जहाजाचं

कोचीला नेव्हल आर्किटेक्चर शिकलो, आता ह्याच कामात आहे. कुलाबाकरांचा वेगाचा हिशोब बरोबर आहे पण पुरा करू.

१.३४ गुणिले चोवीसचं वर्गमूळ, आले ६.५६ नॉट. एकोणतीस फुटांच्या नव्या बोटीचे आले ७.२. आता नीडल्सपासून फ्रान्समधलं शेरबर्ग धरा साठ समुद्री मैल. दोन्ही बोटी सगळा वेळ आपापल्या कमाल वेगाने गेल्या असं समजलं, जे कधी होत नाही, तरी फरक पन्नास मिनिटांचा. शिवाय काँटेसा कलली की तिची पुढची-मागची लांब टोकं पाण्यात उतरतात आणि टेकलेली लांबी वाढते, म्हणून प्रत्यक्षातला फरक त्याहून कमी. आणि समोरून वारा-लाट असेल तर हे सूत्र बाजूलाच राहतं, तिथे कोण आपटतं आणि कोण कापत जातं ह्यावर वेग ठरतो. रुंद, सपाट तळाची हलकी बोट प्रत्येक लाटेवर थांबते आणि पुन्हा वेग घेते. मागून वारा असेल तर मात्र नवी बोट हिला सहज मागे टाकेल, तिथे वाद नाही.

आता तोल. लोक समजतात रुंद बोट जास्त स्थिर. सुरुवातीला हो. दहा-पंधरा अंश कललं की रुंदीमुळे लगेच विरोध होतो, म्हणून चार्टरवाल्यांना रुंद बोट आवडते, कॉफी सांडत नाही. अरुंद बोट सुरुवातीला पटकन कलते, नवख्या माणसाला भीती वाटते, मग पंचवीस-तीस अंशांना खालचं वजन बाजूला जाऊन कामाला लागतं आणि ती तिथे टेकून राहते. खरा प्रश्न पुढचा आहे, शंभर अंशांच्या पुढे काय? डोलकाठी पाण्यात गेली तर ती परत येणार की उलटी होऊन तशीच राहणार? परत यायची ताकद ज्या कोनाला संपते तो कोन काँटेसाचा १५५ अंशांच्या आसपास आहे. १९७९ च्या फास्टनेट रेसनंतर (वादळात सापडलेली इंग्लंड-आयर्लंड शर्यत) झालेल्या चौकशीत तुलनेला घेतलेली त्याच आकारमानाची एक हाफ टन (शर्यतीतला एक वर्ग) रेसर होती, तिचा ११७ च्या आसपास. आता एकशे ऐंशीमधून वजा करा. एकीला उलटं टिकून राहायला पंचवीस अंशांची अरुंद पट्टी, पुढची लाट आली की ती सुलटी. दुसरीला त्रेसष्ट अंश. रुंद बोट सुलटी जशी स्थिर असते तशी उलटीही स्थिर असते, हे लोक विसरतात.

त्या रेसनंतर अमेरिकेच्या क्रूझिंग क्लबकडून एक सोपं सूत्र आलं, घरी करता येतं. वजन पाउंडात घ्या, ६४ ने भागा, घनमूळ काढा, आणि बोटीची रुंदी फुटात घेऊन त्याला त्या घनमुळाने भागा. उत्तर २ च्या खाली असावं. काँटेसा : ९५०० भागिले ६४ म्हणजे १४८, घनमूळ ५.२९, साडेनऊ भागिले ५.२९, आले १.८. त्याच सॅडलरने पुढे सॅडलर ३२ काढली, वजन जवळपास तेवढंच पण रुंदी साडेदहा फूट, तिचे येतात १.९८. आज अकरा फूट रुंद बोट तेवढ्याच वजनाची असेल तर २.०८. लक्षात ठेवा हे सूत्र ढोबळ आहे, वजन तळाला आहे की छपरावर ते त्याला कळत नाही. पण दिशा कळते.

कुलाबा_बोटवाला

गणित मान्य. पण फास्टनेटची गोष्ट आली की लोक नेहमी हेच सांगतात, असेंट नावाची काँटेसा ३२ तिच्या वर्गातली एकटी पोचली वगैरे. एक बोट पोचली ह्यावरून डिझाईन सिद्ध होतं का? खलाशी चांगले असतील, नशीब असेल, ती नेमकी त्या लाटेखाली नव्हती असंही असेल.

सॅपर_पुणे

ह्या विषयावर थोडं सविस्तर लिहितो, वयामुळे टायपिंग हळू आहे, समजून घ्या.

मी आर्मीच्या इंजिनीअर्समधून निवृत्त झालो. आमच्या कोअरच्या अधिकाऱ्यांनी १९८५ ते ८७ मध्ये तृष्णा ही बोट घेऊन पृथ्वीप्रदक्षिणा केली, जानेवारी १९८७ मध्ये ती मुंबईला परत आली, भारतीयांची ती पहिली. मी त्या संघात नव्हतो, पण आमच्या पिढीतल्या अनेकांनी शीड हातात धरलं ते तृष्णामुळे. ती स्वान ३७ होती, स्पार्कमन अँड स्टीफन्सचं डिझाईन, म्हणजे त्याच काळातली, त्याच विचारांची रेसर-क्रूझर. इथल्या तरुण मंडळींना वाटेल की जगप्रदक्षिणेला खास बोट लागते. नाही. सदतीस फुटांची, सत्तरच्या दशकातल्या विचारांची, सेकंडहँड बोट घेऊन आपली माणसं जगाला वळसा घालून आली.

फास्टनेटबद्दल. मी त्या रेसचा चौकशी अहवाल अभ्यासाला म्हणून वाचला होता, कारण आम्हाला सेफ्टीचे नियम लिहायचे होते. काउझहून निघून आयर्लंडच्या फास्टनेट खडकाला वळसा घालून प्लिमथ, ६०५ मैल. ११ ऑगस्ट १९७९ ला ३०३ बोटी सुटल्या, १३-१४ च्या रात्री वादळ आलं, पोचल्या ८५. रेसमधली पंधरा माणसं गेली. आता वर्गवारी पाहा. सगळ्यात मोठ्या बोटींच्या वर्गात १४ पैकी १३ पोचल्या. सगळ्यात लहान वर्गात ५८ पैकी १. ती १ म्हणजे असेंट. तेव्हा पहिला धडा कुलाबाकर म्हणतात तसा डिझाईनचा नाहीच, आकाराचा आहे, लहान बोटीला तीच लाट दुप्पट. त्यात असेंट पोचली ह्याचं मोल म्हणूनच जास्त वाटतं मला. बोट विली कर ह्यांची आणि त्या रेसमध्ये त्यांचा मुलगा चालवत होता. हेच कर काका पुढे त्याच बोटीने ग्रीनलंडच्या बर्फात आणि अंटार्क्टिकापर्यंत गेले, आणि ते वय वाढत असताना, बहुतेक वेळा एकटे किंवा एखाद्या सोबत्याबरोबर. एक रात्र नशीब असू शकतं. इतकी वर्षं नशीब नसतं.

आणखी एक, अहवालातला मला सगळ्यात लक्षात राहिलेला भाग. २४ बोटी माणसांनी सोडून दिल्या, लाइफ राफ्टमध्ये (फुगवायच्या जीवरक्षक तराफ्यात) उतरले. बुडाल्या फक्त ५. बाकी १९ नंतर तरंगत सापडल्या. राफ्टमध्ये उतरलेल्यांपैकी काही वाचले नाहीत. म्हणून बोट पायाखाली आहे तोवर बोट सोडायची नाही, हे आम्ही शिकवायचो.

गणित_जहाजाचं

काका, फार मोलाचं लिहिलंत. कुलाबाकरांसाठी अजून एक भर. साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या टाकीत नंतर मॉडेल्सवर फुटत्या लाटा सोडून पाहिल्या. बोटीच्या लांबीच्या साठ टक्के उंचीची फुटती लाट आडवी आदळली की कुठलंही डिझाईन असो, मॉडेल पूर्ण कोलांटी खायचं. तीस टक्क्यांनाच काही डिझाईन उलटायची. म्हणजे बत्तीस फुटांच्या बोटीला दहा फुटांच्या फुटत्या लाटेपासून एकोणीस फुटांपर्यंत जो पट्टा आहे, त्या पट्ट्यात डिझाईनला किंमत आहे. त्याच्या वर काँटेसासुद्धा जाणार. तिचा फायदा एवढाच की ती परत येईल. असेंटच्या खलाशांचं कौतुक त्याने कमी होत नाही.

कुलाबा_बोटवाला

ठीक, हे पटलं. मला ती तीस ते साठची गोष्ट माहीत नव्हती. डुलण्याचा मुद्दा मात्र मी सोडत नाही. 🙂

पर्थची_मैना

डुलण्याचा मुद्दा सोडू नकाच, तो शंभर टक्के खरा आहे!

मी फ्रीमँटलला एस अँड एस ३४ वर क्रू आहे, सात सीझन झाले. ही तुमच्या काँटेसाची चुलत बहीण म्हणायला हरकत नाही, तीन वर्षांनी मोठी, १९६८ चं डिझाईन. एडवर्ड हीथ नंतर इंग्लंडचे पंतप्रधान झाले, त्यांनी १९६९ ला मॉर्निंग क्लाउड ह्याच प्रकारच्या बोटीवर सिडनी-होबार्ट जिंकली होती. इथल्या जॉन सँडर्सने १९८१-८२ मध्ये एका दमात, कुठे न थांबता, जगाला दोन फेऱ्या मारल्या, एस अँड एस ३४ वरच. आणि जेसिका वॉटसन, सोळा वर्षांची पोर, २००९-१० मध्ये २१० दिवस एकटी. तिची बोट समुद्रात अनेकदा आडवी पडली आणि प्रत्येक वेळी उठली.

आमच्या इथे दुपारी समुद्रावरून जो वारा येतो त्याला फ्रीमँटल डॉक्टर म्हणतात, उन्हाळ्यात वीस-पंचवीस नॉट नेहमीचाच. रॉटनेस्ट बेटावर जाताना समोरून मारत जायचं, तेव्हा ह्या जुन्या बोटीसारखं सुख नाही. परत येताना वारा मागून, आणि मग मात्र सुकाणूवरच्या माणसाचं लक्ष एक क्षण हलून चालत नाही. बोट डावीकडे कलली, उजवीकडे कलली, प्रत्येक वेळी थोडी जास्त, आणि अचानक वाऱ्याकडे तोंड करून आडवी. माझ्या हातून दोनदा झालंय. उपाय आम्ही असे करतो की स्पिनेकरच्या दोन्ही शीट्स (दोऱ्या) खाली ओढून त्याला जखडून ठेवायचा, जोर वाढला तर मोह न धरता उतरवायचा आणि जेनोआ (मोठं पुढचं शीड) काठीवर बाहेर काढायचा, मेनला (मुख्य शिडाला) प्रिव्हेंटर, म्हणजे ते अचानक पलटू नये म्हणून दोरी. थोडा वेग जातो, पण सगळे घरी वेळेवर जेवायला पोचतात.

आता हॅम्बलकरांनी कुटुंबाचं लिहिलंय ते कोणीच घेतलं नाही म्हणून मी घेते. दादा, आत जागा किती हा प्रश्न बंदरात वेगळा आणि समुद्रात वेगळा. मी रुंद नव्या बोटीवर रात्रीचा प्रवास केलाय, मोठ्ठा डबल बेड, आणि वीस अंश कललं की त्या बेडवर माणूस चिंचोक्यासारखा इकडून तिकडे. शेवटी सगळे जमिनीवर झोपलो. आमच्या बोटीवर दोन्ही बाजूंना अरुंद बाकं, त्यांना कापडाची आडभिंत बांधायची, त्यात पडलं की पाळण्यात बाळ असतं तसं. स्वयंपाकघर इतकं लहान की कंबर एका बाजूला टेकते आणि पाय दुसऱ्या बाजूला, त्यामुळे दोन्ही हात मोकळे, मी तीस अंशांवर पोहे केलेत. मळमळ होण्याचं प्रमाणही कमी, कारण जड बोट लाटेवर झटके देत नाही, हळू वर-खाली होते. माझ्या आईला मी नेलं होतं, ती तर मुरुडच्या लाँचमध्येही आजारी पडते, तिला काही झालं नाही.

पण बंदरात चार दिवस पाऊस आणि दोन कुटुंबं आत, हे मात्र जमणार नाही. ते आधीच ठरवून घ्या की कोणी कधी जायचं.

हॅम्बलकाठचा

मैना ताई, हे बायकोला वाचून दाखवलं. पोह्यांवर ती हसली आणि मग म्हणाली की आडभिंतीचं कापड मी शिवते. तेव्हा त्या आघाडीवर काम झालं असं धरतो. मनापासून धन्यवाद.

दिवाडी_फायबर

सगळे डिझाईनवर बोलतायत, मी पन्नास वर्षांच्या फायबरवर बोलतो, माझं रोजचं काम तेच आहे. गोव्याला बोटी बांधतो. आमच्या दिवाडी बेटावरच म्हादेई बांधली गेली, दिलीप दोंदे सरांनी २००९-१० ला एकट्याने प्रदक्षिणा केली ती. ती छप्पन्न फुटांची आणि लाकडाच्या गाभ्यावर फायबर, त्यामुळे तुलना नको, पण एक सांगतो, पाण्याखालच्या भागात बांधणाऱ्याने हात आखडता घेतला की नाही ते वीस वर्षांनी कळतं. सत्तरच्या सुरुवातीच्या बोटींत भीतीपोटी जाड थर घातलेत, तेव्हा हे मटेरियल नवीन होतं, भरवसा कमी, म्हणून लाकडाच्या हिशोबाने जाडी. ते आज तुमच्या पथ्यावर पडतं.

तरी घेण्याआधी ह्या गोष्टी बघाच. बोट पाण्याबाहेर काढून लगेच मीटर लावला तर ओलावा दाखवणारच, दोन-तीन आठवडे सुकू द्या, मग परत लावा. तळाला फोड असतील तर घाबरू नका, एक फोडून वास घ्या, आतलं पाणी व्हिनेगरसारखं आंबट वासाचं असेल तर ऑस्मोसिस (फायबरमध्ये पाणी मुरणं), खर्च आहे पण बोट त्याने बुडत नाही. डेकवर चालताना टाचेने ठोका, टणक आवाज हवा, दबका आला तर आतला गाभा कुजलाय, आणि हे तळाच्या फोडांपेक्षा वाईट. डोलकाठीच्या तारा ज्या पट्ट्यांना बांधतात त्या चेनप्लेट जिथे डेकमधून आत जातात तिथे पाणी झिरपून स्टील आतल्या आत खातं, वरून चकचकीत दिसतं, बाहेर काढल्याशिवाय कळत नाही. सुकाणूचा पत्रा आणि स्केग ह्यांच्या सांध्यात हाताने हलवून बघा, खडखड नको. वजन आत बंद आहे हे चांगलं, पण ती कील कधी खडकावर आपटलीय का ते बघा, खालच्या टोकाला चीर असेल तर पाणी आत जाऊन बसलेलं असतं आणि ते सहजासहजी निघत नाही. इंजिन कुठलं आहे?

हॅम्बलकाठचा

यानमार, मागच्या मालकाने पंधरा वर्षांपूर्वी बदललंय. चेनप्लेट काढून बघायची गोष्ट सर्व्हेअरने सुचवली नव्हती, ती त्याला सांगतो.

मालवणचो_नाखवा

दिवाडीकरांचो शब्द शंभर नंबरी. आमचे तांडेल होडी घेताना पहिली टाचच मारून बघायचे.

एक विचारू का, सगळे म्हणतायत ही ओली बोट. आमची होडी पण ओली असते, पण ती उघडीच असते. डेक असून पाणी एवढं का येतं?

गणित_जहाजाचं

नाखवा, कारण ती पाण्यापासून फार उंच नाही आणि पुढून फुगीर नाही. लाट आली की नव्या बोटीचं उंच रुंद नाक त्या लाटेवर चढतं, ही लाटेत घुसते आणि ते पाणी डेकवरून कॉकपिटपर्यंत येतं. वर चढणारी बोट कोरडी पण आपटते, घुसणारी ओली पण आपटत नाही. उंच बाजू असत्या तर वारा त्यांच्यावर आदळून बोट आडवी ढकलली गेली असती, म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर चढण्याचा जो गुण सगळे सांगतायत तो कमी झाला असता. आणि छत उंच केलं असतं तर वजन वर गेलं असतं. म्हणजे आत अंधारी, डोकं आपटतं, अंगावर पाणी येतं ह्या तक्रारी आणि १५५ अंश हे एकाच रेषेतून निघालेत. एक काढायला गेलात की दुसरं जातं. सॅडलरने स्वतः पुढच्या डिझाईनमध्ये फूटभर रुंदी वाढवून तडजोड केली, कारण लोकांना जागा हवी होती.

सॅपर_पुणे

सहमत. तुलनेला आपल्या मुंबईची एक बोट घ्या. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनची सुहेली मुंबईत सागवानात बांधलेली, तीही बत्तीस फुटांचीच. १९६८-६९ ला ३१२ दिवसांत न थांबता प्रदक्षिणा. ती पूर्ण लांबीच्या पठाणाची, जड, मागे-पुढे सारखी टोकदार, वाऱ्याच्या तोंडावर अगदी मंद. काँटेसा त्या प्रदक्षिणेनंतर दोनच वर्षांनी आली, पण पाण्याखालचा अर्धा भाग कापून टाकल्यामुळे पाण्यात भिजणारा पृष्ठभाग कमी, म्हणून हलक्या वाऱ्यातही चालते. क्रूझर-रेसर हा शब्द मला म्हणूनच प्रामाणिक वाटतो ह्या बोटींसाठी, रविवारी रेस आणि सोमवारी त्याच बोटीने आयर्लंड.

कुलाबा_बोटवाला

हॅम्बलकर, रीफ (शीड थोडं गुंडाळून लहान करणं) कधी घेतलात ट्रायलला? मला ऐकायचंय, कारण अरुंद बोट लवकर कलते म्हणजे रीफ लवकर लागणार.

हॅम्बलकाठचा

उलट झालं. त्या काळाच्या पद्धतीप्रमाणे हिची मेन लहान आणि जेनोआ प्रचंड, डोलकाठीच्या टोकापर्यंत. मी सवयीने आधी मेन रीफ केली, मालक म्हणाला की घाई करू नकोस, आधी पुढचं लहान कर. जेनोआ काढून छोटं जिब लावलं आणि मेनला एक रीफ, बावीस नॉटला. टिलरवरचा ओढ लगेच गेला, वेग मात्र अर्धा नॉटही कमी झाला नाही. अठ्ठावीसला दुसरा रीफ. तीस अंश कललेली होती पण तिथे टेकून उभी, आणखी कलत नव्हती.

आता ताजी बातमी, काल रात्रीची. सर्व्हे आला. तळ कोरडा निघाला, तीन आठवडे सुकवल्यावर. डेक टणक, फक्त पुढच्या हॅचजवळ वीतभर दबका आवाज. दिवाडीकर, तुमच्या सांगण्यावरून चेनप्लेट काढायला लावल्या, सहापैकी एक बाहेर आली तेव्हा डेकमधून जाणाऱ्या जागी निम्म्याहून जास्त खाल्लेली, वरून आरशासारखी. त्या पट्टीवर आम्ही नीडल्समध्ये अठ्ठावीस नॉटला होतो. सगळ्याच बदलतोय, मालकाने किंमत तेवढी उतरवली, काल सही झाली. एप्रिलच्या पहिल्या मोठ्या भरतीला पाण्यात उतरवतोय, आणि पहिली फेरी लिमिंग्टनला, जिथे ती बांधली त्या नदीत. आडभिंतीचं कापड शिवून तयार आहे.

दिवाडी_फायबर

हॅचजवळचं वीतभर आत्ताच उघडा, एप्रिलची वाट नका बघू. ओला गाभा काढून, सुकवून, इपॉक्सी. फोटो टाका, मी सांगतो कुठून कापायचं ते.